आधीच्या गर्भपातामुळे हा गर्भ गेला का?

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी २९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, एका पतसंस्थेत कामाला आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. यंदा दिवस राहिले. नवव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी केली, तर गर्भ सात आठवड्यांएवढाच आहे आणि ठोके नाहीत असं डॉक्टर म्हणाल्या. आठवड्यानं पुन्हा बघितलं, तरी तेच. मग गोळ्या दिल्या. रात्रभर खूप दुखलं, गाठी पडल्या. बाथरूममध्ये काहीतरी पडलं, ते मी नीट बघितलंही नाही, पाणी ओतून टाकलं. ते आठवलं की अजून धस्स होतं. आज अठरा दिवस झाले. थोडं थोडं जातंच आहे. ताप नाही, पण उठलं की चक्कर येते. पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, पण सासूबाई म्हणतात सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. सोनोग्राफीच्या आधल्या आठवड्यात मी स्कूटीवरून मिरजेला गेले होते आणि तिथं पिकलेली पपई खाल्ली, म्हणूनच झालं असं त्यांचं म्हणणं. मिस्टर काहीच बोलत नाहीत. संस्थेनं तीन दिवस रजा दिली, बाकीचे दिवस बिनपगारी धरणार आहेत.

आता जे कुणालाच माहीत नाही ते लिहिते. सात वर्षांपूर्वी पुण्यात शिकत असताना माझा गर्भपात झाला आहे. दीड महिना झाला होता. दवाखान्यात जाऊन, सोनोग्राफी करून, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. मी तेव्हा गुन्हा केला का? त्याचीच ही शिक्षा आहे का? पिशवी खराब झाली असेल का? मिस्टरांना सांगावं लागेल का? आणि एक, माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, मिस्टरांचा ओ पॉझिटिव्ह. इंजेक्शन घ्यावं लागतं असं वाचलं. मला आत्ता दिलं नाही, पुण्यात दिलं होतं का ते आठवत नाही.

(नाव देऊ नये)

उत्तर

नाही गं. पुण्यात घेतलेल्या गोळ्यांमुळे हा गर्भ गेलेला नाही. पपईनं नाही, स्कूटीनं नाही, आणि शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. नुसतं ‘नाही’ म्हटल्यानं तुझं समाधान होणार नाही हे मला कळतं, म्हणून कारणं सविस्तर सांगणार आहे. पण आधी तुझी चक्कर बघू.

गोळ्यांनंतर पहिला दिवस-दोन दिवस पाळीपेक्षा बरंच जास्त जातं. मग कमी होत होत दोन आठवडे, काहींना तीन-चार आठवडेही डाग दिसत राहतात. त्यामुळे अठराव्या दिवशी थोडं जातंय, एवढ्यावरून घाबरू नकोस. चक्कर मात्र मला खटकते. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे आलेलं आहे. आधीच काठावर असलेल्या बाईचं एका रात्रीत एवढं गेलं, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. ती उद्याच करून घे.

आणि सोनोग्राफी. पिशवी पूर्ण रिकामी झाली आहे का, हे पाहायलाच तुला परत बोलावलं होतं. बहुतेक वेळा झालेली असते. क्वचित थोडा अंश राहतो, मग जाणं थांबत नाही, आणि फार दिवस तसंच राहिलं तर जंतुसंसर्गाची भीती असते. काही राहिलं असेल तर पुन्हा गोळ्या देतात किंवा व्हॅक्युमनं, म्हणजे नळीनं ओढून घेऊन, पिशवी साफ करतात. काही मिनिटांचं काम, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. घरच्या घरी लघवीची तपासणी करून मात्र अंदाज बांधू नकोस. गर्भ गेल्यावरही तीन-चार आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

सासूबाई सव्वा महिना घरात बस म्हणतात, त्यामागे तुला आराम पडावा हाच हेतू असेल. तो आराम जरूर घे. पण आराम म्हणजे दवाखान्यातही जायचं नाही असं नव्हे. त्यांना सांग, डॉक्टरांनी तारीख दिली होती, ती टळली आहे, रिक्षानं जाऊन तासाभरात येते. त्यांनाच सोबत यायला सांगितलंस तर बहुधा विरोध मावळेल. मात्र तपासणीच्या खोलीत त्यांना नेऊ नकोस. ते का, ते पुढे येईलच.

यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता तडक निघायचं: सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला आणि टिकून राहिला, अंगावर घाण वासाचं जाऊ लागलं, ओटीपोटात थांबत नाही असं दुखू लागलं, किंवा भोवळ येऊन पडलीस. रात्री-अपरात्री वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. गर्भपातासाठी ही गाडी येत नाही असं काहींना वाटतं. रक्तस्राव ही तातडीचीच बाब आहे, गाडी येते.

रक्तगटाचं तू विचारलंस ते फार बरं केलंस, कारण हे अनेकींच्या लक्षातच येत नाही. आई निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असला, आणि गर्भाचं रक्त थोडंसं आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करू शकतं. त्या गर्भाला त्याचा त्रास होत नाही, पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला होऊ शकतो. ते टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन शक्यतो ७२ तासांच्या आत देतात. आता तुझ्याबाबतीत: गर्भ सात आठवड्यांएवढा होता, आणि इतक्या लवकर आईच्या रक्तात मिसळण्याएवढं रक्त गर्भात जवळपास नसतंच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शिकेत १२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला हे इंजेक्शन नको असं म्हटलं आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही खबरदारी म्हणून देतात. तुला ते दिलं गेलं नाही म्हणून मोठं नुकसान झालं असं समजू नकोस. त्या ७२ तासांची मुदत आता टळून गेली आहे, अजून द्यायचं का ते डॉक्टरांना विचार. आणि ‘इनडायरेक्ट कूम्ब्ज’ ही रक्ततपासणी करून घ्यायची, तुझ्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं आहेत का ते तिच्यात दिसतं. ती निगेटिव्ह आली तर बरंच निर्धास्त होता येईल, पण प्रतिद्रव्यं दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून पुढच्या खेपेला ती पुन्हा करून घ्यायची.

आता कारणांकडे येते. तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घे. त्यात ‘सीआरएल’ असं लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा असेल. ती गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. सात आठवड्यांचा म्हणजे साधारण दहा मिलिमीटर, मुगाच्या दोन दाण्यांपेक्षा थोडा जास्त. तुझे नऊ आठवडे पूर्ण होत आले होते आणि गर्भ सात आठवड्यांचा होता, पुढच्या सोनोग्राफीतही तो वाढलेला नव्हता. म्हणजे त्याची वाढ सातव्या आठवड्याच्या आसपास थांबली. आणि मिरजेला तू गेलीस ती सोनोग्राफीच्या आधल्या आठवड्यात. ज्या दिवशी स्कूटीला किक मारलीस, ज्या दिवशी पपईची फोड तोंडात टाकलीस, त्याच्या आधीच ते हृदय थांबलेलं होतं. हे माझं मत नाही, तुझ्याच रिपोर्टातली मोजमापं सांगतायत. हवं तर सासूबाईंनाही तारखा मांडून दाखव. भांडणासाठी दाखवू नकोस, त्यांच्याही मनात ‘आपण हिला अडवायला हवं होतं’ असं काहीतरी सलत असण्याची शक्यता आहे.

आणि समजा तू सहाव्या आठवड्यात मिरजेला गेली असतीस तर? तरीही उत्तर तेच. स्कूटीच्या हादऱ्यांनी, जिना चढल्यानं, हंडा उचलल्यानं, नवराबायकोच्या संबंधांनी निरोगी गर्भ पडत नाही. पपईबद्दल एक सांगायला हवं. कच्च्या पपईच्या चिकानं उंदरांच्या पिशवीचे तुकडे प्रयोगशाळेत आकुंचन पावले, असं दिसलेलं आहे, म्हणून कच्ची पपई गरोदरपणी टाळावी म्हणतात ते ठीक. पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ नसतो. तू खाल्लीस ती पिकलेली होती.

मग झालं काय? पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त गुणसूत्रांच्या चुकीमुळे जातात. बीज आणि शुक्राणू एकत्र येताना एखादं गुणसूत्र जास्त येतं, एखादं गळतं. ती जुळणी फलनाच्या वेळीच चुकलेली असते, गर्भ काही आठवडे वाढतो आणि मग थांबतो. यात तुझं काही चुकत नाही, नवऱ्याचंही नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या दर शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा अशा आपोआप संपतात. तुझ्या पतसंस्थेत, तुझ्या भावकीत, शेजारच्या आळीत या वाटेनं गेलेल्या बायका आहेत. त्या बोलत नाहीत, म्हणून तुला वाटतं की हे एकटीच्याच वाट्याला आलं.

पुण्याच्या गर्भपाताबद्दल. दीड महिना झालेला, सोनोग्राफी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेतलेल्या. गर्भपात जितका सुरक्षित असू शकतो तितका तो होता. त्या गोळ्या पिशवीला हात लावत नाहीत, ओरखडा पाडत नाहीत. एक गोळी गर्भाला टिकवणारं संप्रेरक अडवते, दुसरी पिशवी आकुंचित करते. काही दिवसांत औषध शरीरातून निघून जातं. सात वर्षांनंतर त्यांचा गर्भ राहण्यावर किंवा टिकण्यावर काही परिणाम उरत नाही. तुला दिवस राहिले हीच त्याची खूण. पिशवीला इजा होते ती वेगळ्या गोष्टींनी: उपचार न झालेला जंतुसंसर्ग, किंवा लोखंडी क्युरेटनं जोरानं, पुन्हा पुन्हा खरवडणं. त्यानं पिशवीचं अस्तर आतून चिकटू शकतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता ती खरवडण्याची पद्धत सोडून व्हॅक्युम वापरा असं सांगते. कुणी तुला पुढे-मागे ‘क्युरेटिंग’ सुचवलं, तर ते व्हॅक्युमनं करणार का, हे विचारायचा तुला अधिकार आहे.

इजा म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी शिकत होते तेव्हा गर्भपाताचा कायदा येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सरकारी रुग्णालयाच्या सेप्टिक वॉर्डात बायका यायच्या. कुणी सुईणीकडून रुईची काडी घालून घेतलेली, कुणी चित्रकाची मुळी. एक शेतमजूर बाई आठवते, चार मुलांची आई. पोटावर हात ठेवला तर पोट फळीसारखं कडक, अंगात ताप मावत नव्हता, आणि ती सारखी एकच म्हणत होती, ‘मालकाला सांगू नका.’ कायद्यानं तिला आधीच दवाखान्यात येता आलं असतं. तिला ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. म्हणून तू दवाखान्यात गेलीस, सोनोग्राफी करून घेतलीस, हे वाचून मला तुझा अभिमान वाटला. बावीस वर्षांची मुलगी, एकटी, आणि तिनं योग्य दार ठोठावलं.

तू गुन्हा केलास का, या प्रश्नाला स्पष्ट उत्तर: नाही. १९६४ साली केंद्रानं महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती नेमकी चोरून होणाऱ्या गर्भपातांचा विचार करायला. तिच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. तू गर्भपात केलास तेव्हाही नोंदणीकृत डॉक्टर स्त्रीच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका या कारणानं तो करू शकत होते, आणि त्या कारणाला लग्नाची अट नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीनं, गर्भनिरोधक फसलं या कारणापुढचे ‘विवाहित स्त्री’ हे शब्दही काढले. आता कोणत्याही स्त्रीला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि काही ठरावीक परिस्थितीतच परवानगी असते. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की तिथंही अविवाहित म्हणून कुणाला वगळता येणार नाही. आणि स्त्री अठरा वर्षांची झालेली असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याची नाही, आईबापाची नाही. कित्येक खाजगी दवाखाने अजून नवऱ्याची सही मागतात. ती त्यांची सवय आहे, कायद्याची अट नव्हे.

लोकांच्या मनात हा गोंधळ का आहे, ते मी समजू शकते. सोनोग्राफी केंद्राच्या दारात मोठ्या अक्षरांत पाटी असते की गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. तो आहेच, आणि असायलाच हवा. महाराष्ट्रानं त्याविरुद्धचा कायदा देशात पहिल्यांदा, १९८८ साली केला. पण ‘भ्रूणहत्या’ची पोस्टरं वाचून वाचून लोकांनी धरून चाललं की गर्भपातच बेकायदा. औषध दुकानदारही तपासणीचा ससेमिरा नको म्हणून त्या गोळ्या ठेवायच्याच बंद करतात. त्याचा फटका तुझ्यासारखीला बसतो, जिचा गर्भ आपोआप गेलेला असतो आणि जिला चिठ्ठी दाखवूनही मान खाली घालावी लागते.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या मुलींना इथंच सांगते. गोळ्यांनी होणारा गर्भपात आपल्या नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंत करतात आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ओळखीच्या दुकानातून पुडी आणून घरात गुपचूप घेऊ नका. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत राहिलेला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, रक्त जातं म्हणून काम झालं असं वाटतं, आणि नळी फुटली की जिवावर बेततं. पोटात एका बाजूला चमक, खांद्याच्या टोकाशी दुखणं, घाम फुटून भोवळ, ही त्याची लक्षणं. सरकारी रुग्णालयात गर्भपाताची सेवा मोफत आहे, आणि तुमचं नाव फोडणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे.

आता तुझ्या सगळ्यात अवघड प्रश्नाकडे, कुणाला सांगायचं. डॉक्टरांना सांग. सगळं सांग, वर्ष, आठवडे, गोळ्या, नंतर त्रास झाला का ते. त्याचं कारण नैतिक नाही, उपचाराचं आहे. रक्तगट निगेटिव्ह आहे म्हणून आधीचा गर्भ त्यांना माहीत असायला हवा. शिवाय दोन गर्भ आपोआप गेले असं समजून कुणी तुझ्यामागे तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लावू नये. तुझा आपोआप गेलेला गर्भ एकच आहे. सांगण्यासाठी एकटेपण हवं असेल तर सरळ म्हण, ‘मॅडम, आतून तपासायच्या वेळी मला एकटीला बोलायचंय.’ आम्हाला या वाक्याची सवय आहे, आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवतो. आणि सांगताना हेही सांग की ही गोष्ट घरच्यांना माहीत नाही, फाइलवर लिहू नका. एरवी फाइलवर गर्भपातांचा आकडा ‘ए’ या अक्षरापुढे टाकतात, आपोआप झालेला आणि करवून घेतलेला दोन्ही त्यातच, आणि ‘दोन कसे’ असा प्रश्न घरी नको असेल तर हे आधीच बोललेलं बरं.

मिस्टरांना सांगावं ‘लागेल का’ असं तू विचारलंस. लागणार नाही. कायद्यानं नाही, आणि माझ्या मतेही नाही. लग्नाआधीचं तुझं शरीर आणि तुझा निर्णय याचा हिशेब तू कुणाला देणं लागत नाहीस. काही जणी सांगतात आणि हलक्या होतात. काही सांगतात आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात तेच ऐकतात. तुझा नवरा कोणत्या जातकुळीचा, ते तुला ठाऊक, मला नाही. माझा आग्रह एवढाच की आत्ता, रक्त कमी झालेलं असताना, रात्र-रात्र झोप नसताना, अपराध केला म्हणून कबुली द्यावी तसं सांगू नकोस. पुढे कधी मनापासून सांगावंसं वाटलं तर तेव्हा बघ. नाही वाटलं तर नाही.

तो बोलत नाही, म्हणजे त्याला दुःख नाही असंही धरू नकोस. अशा वेळी सगळे बाईला विचारतात, पुरुषाला विचारतात ते फक्त ‘मिसेस कशी आहे?’ सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यानंही काहीतरी बघायची वाट पाहिली होती. आपल्याकडच्या मुलांना रडायला शिकवलेलं नसतं. दवाखान्यात जाताना त्याला सोबत घे, येताना चहाला थांबा, आणि तूच विचार, तुला कसं वाटलं होतं त्या दिवशी.

बाथरूममधल्या त्या क्षणाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण पत्रातली सगळ्यात जड ओळ मला तीच वाटली. घरी गर्भ जातो तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाईचं असंच होतं. रात्रीची वेळ, वेदना, रक्त, भीती, आणि हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. तू कुणाचा अनादर केला नाहीस. इतक्या लहान गर्भाला वेदना जाणवण्याजोगी मज्जासंस्था तयार झालेली नसते, आणि तो त्याआधीच दोन-तीन आठवडे थांबलेला होता. काही बायका नंतर एखादं रोप लावतात, देवळात दिवा लावून येतात. तुला तसं वाटलं तर कर, नाही वाटलं तरी काही राहिलं नाही. रडू येईल तेव्हा रड. ‘दुसरं होईल की’ म्हणणाऱ्यांना तोंडावर उत्तर देण्याची गरज नाही, त्यांचं ऐकून रडू आवरण्याचीही नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण तुटलं, कशातच जीव रमेना, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

पतसंस्थेचं ऐकून मला राग आला. गर्भपातानंतर, तो आपोआप झालेला असो वा वैद्यकीय, सहा आठवडे भरपगारी रजा हा नोकरदार बाईचा हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात तो होता आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. गर्भपातामुळे आजारपण ओढवलं तर वर आणखी महिनाभर रजा मिळू शकते. हे सहा आठवडे गर्भ गेल्याच्या दिवसापासून धरतात, म्हणजे तुझे अजून सुमारे साडेतीन शिल्लक आहेत. दवाखान्यात गेलीस की डॉक्टरांचा दाखला माग, अर्जाला जोड, आणि पोच घेऊनच अर्ज दे. तोंडी बोलण्यावर थांबू नकोस.

घरी आल्यावर खाणंपिणं. हळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, पालेभाजी, अंडी, मटण-कलेजी चालत असेल तर तीही, सगळं खा. पण हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर ते भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या लागतातच. त्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. आंघोळ रोज कर, डोक्यावरून केलीस तरी काही होत नाही. रक्त थांबेपर्यंत संबंध टाळा. पाळी साधारण चार ते आठ आठवड्यांत येईल. पण पाळीच्या आधी बीज सुटतं, अगदी आठ-दहा दिवसांतही, हे ध्यानात ठेव. लगेच दिवस नको असतील तर कंडोम वापरा किंवा डॉक्टरांशी दुसऱ्या साधनाबद्दल बोला.

पुन्हा कधी? ‘सहा महिने थांबा’ हे तुला बरेच जण सांगतील, कारण जागतिक आरोग्य संघटनेचाच पूर्वी तसा सल्ला होता. पण स्कॉटलंडमध्ये सुमारे ३० हजार स्त्रियांच्या नोंदी तपासलेला अभ्यास २०१० साली आला, त्यात सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचं उलट चांगलं पार पडलेलं दिसलं. आम्ही सहसा एक पाळी येऊ द्या म्हणतो, ती तारखा नीट मोजता याव्यात म्हणून. रक्त भरून आलं, दोघांच्याही मनाची तयारी झाली, की तुम्ही ठरवा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून सुरू कर.

आणि तपासण्यांच्या पॅकेजला भुलू नकोस. एक गर्भ आपोआप गेल्यावर मोठ्या तपासण्या करत नाहीत, पुढची खेप बहुतेकींची नीट पार पडते. दोन किंवा जास्त गेले तर रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिद्रव्यं, पिशवीचा आकार, दोघांची गुणसूत्रं हे सगळं बघावं लागतं. ‘टॉर्च’ नावाची हजारोंची रक्ततपासणी आपल्याकडे सर्रास लिहून देतात, तिचा या प्रश्नाला उपयोग होत नाही. त्या पैशांत हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ती कूम्ब्ज तपासणी करून घे, आणि तिन्हीचे आकडे मला कळव.